आई-बाबांचा फोन त्यांच्या मापाचा हवा

दसरा-दिवाळीच्या सुमारास बाह्यरुग्ण विभागात औषधांच्या बरोबरीने एक प्रश्न हमखास येतो. तपासणी उरकलेली असते, आजी किंवा आजोबा स्टुलावरून उठत असतात आणि सोबत आलेला मुलगा, सून किंवा नातू विचारतो, "डॉक्टर, यांना कोणता मोबाईल घेऊ? वापरायला सोपा हवा आणि फार महाग नको." मोबाईलची दुकानं महात्मा गांधी रस्त्यावर ओळीने उभी आहेत, मग हा प्रश्न डॉक्टरांना कशाला, असं वाटू शकतं. पण मला तो अगदी योग्य ठिकाणी विचारलेला प्रश्न वाटतो.

कारण म्हाताऱ्या माणसाचा फोन आता त्याच्या औषधोपचाराचाच भाग झाला आहे. रक्ताचा रिपोर्ट व्हॉट्सअ‍ॅपवर येतो. पेठ किंवा सुरगाण्याहून नाशिकला यायचा एखादा हेलपाटा वाचवू शकणारी 'ई-संजीवनी' ही सरकारी दूरवैद्यकीय सेवा २०२० पासून घरबसल्या मोबाईलवर मिळू लागली. सत्तरी ओलांडलेल्यांसाठीचं 'आयुष्मान वय वंदना' कार्ड ऑक्टोबर २०२४ पासून सुरू झालं, तेही मोबाईलवरच्या ॲपमधून काढता येतं. नाशिकरोडच्या नोटांच्या छापखान्यातून किंवा सैन्यातून निवृत्त झालेल्यांना दरवर्षी हयातीचा दाखला द्यावा लागतो. २०२१ पासून तो फोनच्या कॅमेऱ्यासमोर चेहरा धरूनही देता येतो. २०११च्या जनगणनेत महाराष्ट्रात साठीपुढचे लोक शंभरात जवळपास दहा होते. आज ते त्याहून जास्त आहेत. म्हणजे हा प्रश्न जवळजवळ प्रत्येक घराचा आहे.

दुकानात मात्र या खरेदीची चर्चा भलत्याच गोष्टींवरून होते. कॅमेरा किती मेगापिक्सेलचा, प्रोसेसर कोणता, सवलत किती. ज्याच्यासाठी फोन घ्यायचा तो माणूस बहुतेक वेळा दुकानात नसतोच. चष्मा आपण असा घेतो का? आईला घरी ठेवून, छान दिसतो म्हणून कुणाचाही चष्मा उचलून आणतो का? आधी नंबर काढतो, मग काच, आणि फ्रेम सगळ्यात शेवटी. फोनचंही तसंच करावं, एवढंच माझं म्हणणं आहे. आधी माणूस तपासा, मग फोन.

डोळे: अक्षर मोठं करून पाहा

चाळिशीनंतर डोळ्यातलं भिंग ताठर होत जातं आणि जवळचं दिसायला चष्मा लागतो, हे सगळ्यांना ठाऊक आहे. त्यामानाने कमी माहीत असलेली गोष्ट म्हणजे वयाबरोबर बाहुली लहान होते आणि भिंग पिवळसर होतं. साठीच्या माणसाच्या डोळ्याच्या पडद्यापर्यंत विशीतल्या माणसाच्या तुलनेत साधारण एक तृतीयांशच प्रकाश पोहोचतो. फिकट राखाडी रंगातली बारीक अक्षरं नातवाला स्पष्ट दिसतात आणि आजोबांना तिथे काही लिहिलंय हेच कळत नाही, त्याचं कारण हे आहे. मोतीबिंदू सुरू झाला असेल तर उजेड विखुरतो आणि चकाकी त्रास देते.

म्हणून फोनचा पडदा मोठा असावा, साधारण साडेसहा इंचांचा, पण आकारापेक्षा उजेड महत्त्वाचा. दुकानाच्या आतल्या दिव्यांखाली सगळेच फोन छान दिसतात. फोन हातात घेऊन पायरीवर, उन्हात या आणि तिथे वाचता येतं का पाहा. भाषा मराठी करा, अक्षरांचा आकार सगळ्यात मोठा करा आणि मग संपर्कांची यादी, संदेश आणि व्हॉट्सअ‍ॅप उघडा. काही फोनमध्ये अक्षर मोठं केलं की ओळी कापल्या जातात, बटणं पडद्याबाहेर जातात. असा फोन तिथेच परत ठेवा. काळ्या पार्श्वभूमीवर पांढरी अक्षरं डोळ्यांना चांगली, असा एक सरसकट सल्ला दिला जातो. काहींना ती बरी वाटतात, पण पुष्कळ ज्येष्ठांना पांढऱ्यावर काळंच नीट दिसतं. दोन्ही दाखवा आणि त्यांनाच निवडू द्या.

आणखी एक. मोतीबिंदूची शस्त्रक्रिया ठरलेली असेल किंवा चष्म्याचा नंबर दोन-तीन वर्षांत तपासला नसेल, तर आधी डोळे दाखवा. पंधरा हजारांच्या फोनने जे साधणार नाही ते कधीकधी साध्या वाचायच्या चष्म्याने साधतं.

कान: मोठा आवाज म्हणजे स्पष्ट आवाज नव्हे

"बाबांना ऐकू येतं, पण कळत नाही," असं घरचे सांगतात. ते खरं असतं. वयाबरोबर आधी जातात ते वरच्या पट्टीतले आवाज. स, श, फ, ठ अशा व्यंजनांची धार त्याच पट्टीत असते. त्यामुळे बोललेलं कानावर पडतं, पण 'साठ' की 'आठ' हे उमगत नाही. औषधाची मात्रा फोनवर सांगताना हा घोटाळा किती महागात पडू शकतो, याची कल्पना करा. म्हणून डोस फोनवर सांगितला तरी लेखी संदेशही पाठवावा.

दुकानात फोनवर गाणं वाजवून स्पीकर तपासतात. त्यापेक्षा सिम टाकून एक खरा कॉल लावा, रस्त्याच्या गोंगाटात उभं राहून बोला आणि ज्यांचा फोन आहे त्यांना ऐकू द्या. रिंगटोन चिवचिवाटासारखी किंवा किणकिणती नको. ढोलक-तबल्यासारखी खालच्या पट्टीतली धून लवकर ऐकू येते. श्रवणयंत्र वापरत असतील तर ते कानात घालूनच फोन तपासावा, कारण काही जोड्यांमध्ये घरघर येते. नव्या श्रवणयंत्रांपैकी अनेक ब्लूटूथने थेट फोनला जोडता येतात, हे यंत्र देणाऱ्या तंत्रज्ञाला विचारून घ्या. अँड्रॉइड फोनमध्ये समोरच्याचं बोलणं मराठी अक्षरांत उमटवणारी मोफत सोयही आहे. फार कमी ऐकू येणाऱ्या माणसाला डॉक्टरांसमोर तिचा उपयोग होऊ शकतो. उलट बाजूने, ज्यांना टंकलेखन जमत नाही त्यांना बोलून मराठी लिहिण्याची सोय २०१७ पासून गूगलच्या कीबोर्डवर आहे. शिकवायची पहिली युक्ती हीच असावी असं मला वाटतं. वाचता येत नसलेल्यांनाही बोललेला संदेश पाठवता येतो.

बोटं, हात आणि छाती

"दाबलं तरी उघडत नाही" ही तक्रार अडाणीपणाची नाही, कातडीची आहे. स्पर्शाचा पडदा बोटातून होणाऱ्या सूक्ष्म विद्युत बदलावर चालतो. वयाबरोबर त्वचा कोरडी होते. जन्मभर शेतात, भांड्यांत, सिमेंटमध्ये राबलेल्या हातांची कातडी जाडही असते. असा स्पर्श पडद्याला नीट कळत नाही. मग माणूस अधिक जोरात आणि अधिक वेळ दाबतो आणि फोन त्याचा भलताच अर्थ लावतो. आयकॉन हलतात, उडतात, नाहीसे होतात. बोटांचे ठसेही झिजलेले असतात, म्हणून ठशाने उघडणारं कुलूप अनेकांना दगा देतं. त्यांच्यासाठी चार-सहा आकड्यांचा पिन बरा.

हात थरथरत असतील, कंपवात असेल, तर एका स्पर्शाचे दोन होतात. सेटिंगमधल्या 'ॲक्सेसिबिलिटी' विभागात बोट किती वेळ टेकवल्यावर तो 'दाबून धरणं' समजावं हा वेळ वाढवता येतो. काही फोनमध्ये पाठोपाठचे स्पर्श दुर्लक्षित करण्याचीही सोय असते. दुकानदाराला ती दाखवायला सांगा. अंगठ्याच्या सांध्यात संधिवात असेल तर जड फोन नको. दोनशे ग्रॅमच्या आतला आणि मागे खरबरीत कव्हर असलेला घ्या. जुन्या मधुमेहाने बोटं बधिर झाली असतील तर नुसत्या कंपनावर विसंबू नका, आवाजही चालू ठेवा.

इथे डॉक्टर म्हणून एक इशारा. फोन हरवू नये म्हणून तो दोरीने गळ्यात अडकवण्याची किंवा बंडीच्या वरच्या खिशात ठेवण्याची आपल्याकडे पद्धत आहे. ज्यांच्या छातीत पेसमेकर किंवा तत्सम यंत्र बसवलेलं आहे त्यांनी हे करू नये. काही फोनमध्ये आणि पुष्कळ पाकीटवजा कव्हरांमध्ये लोहचुंबक असतात आणि चुंबक अगदी जवळ आला तर ही यंत्रं आपली कामाची रीत तात्पुरती बदलू शकतात. फोन यंत्रापासून किमान पंधरा सेंटिमीटर, म्हणजे वीतभर, दूर ठेवावा. बोलताना पेसमेकरच्या विरुद्ध बाजूच्या कानाला लावावा. घाबरून फोन सोडून द्यायची गरज नाही, फक्त जागा बदलायची.

लोक मला लहरींच्या धोक्याबद्दल विचारतात. भारतात विकल्या जाणाऱ्या हँडसेटसाठी शरीरात शोषल्या जाणाऱ्या लहरींची मर्यादा किलोमागे १.६ वॉट अशी ठरवून दिलेली आहे. ज्येष्ठांच्या बाबतीत मला त्याहून मोठी भीती वाटते ती फोन वाजला म्हणून धावण्याची. झोपेतून किंवा खुर्चीतून एकदम उठलं की रक्तदाब क्षणभर खाली येतो, चक्कर येते, पाय अडखळतो. खुब्याचं हाड असंच मोडतं. म्हणून मुलांनो, आई-वडिलांना सांगून ठेवा: "फोन वाजला तर वाजू द्या, मी पुन्हा लावीन." आणि खरंच पुन्हा लावा. रात्री उठताना लागणारी फोनची बॅटरी मात्र एका स्पर्शात पेटेल अशी पहिल्याच पडद्यावर ठेवा. तिचा उपयोग कॅमेऱ्यापेक्षा जास्त आहे.

स्मरणशक्ती: जुनं वळण मोडू नका

उतारवयात नवं शिकता येत नाही, हा गैरसमज आहे. शिकायला वेळ जास्त लागतो आणि शिकलेलं वारंवार बदललं तर गोंधळ होतो, एवढंच. पाच वर्षं एका कंपनीचा फोन वापरलेल्या माणसाला हजार रुपये वाचतात म्हणून दुसऱ्या कंपनीचा देणं ही काटकसर नव्हे. कॉल घ्यायचं बटण वर सरकवायचं की बाजूला, एवढ्या फरकानेही आत्मविश्वास जातो. शक्य असेल तर तीच कंपनी ठेवा. घरात ज्याने शिकवायचं आहे त्याच्याकडे तसाच फोन असेल तर अधिक चांगलं. मुलगी पुण्याला आणि आई सिडकोत असेल तर फोनवरून "खाली डाव्या कोपऱ्यात पाहा" असं सांगता येतं.

आठवड्याला एकच गोष्ट शिकवा. फोन त्यांच्याच हातात राहू द्या, आपलं बोट मध्ये घालू नका. पायऱ्या मोठ्या अक्षरांत वहीत लिहून द्या. "किती वेळा सांगायचं?" हे वाक्य घरात बंद करा, कारण त्यानंतर माणूस विचारणंच सोडतो.

याची एक वैद्यकीय बाजू आहे. वर्षानुवर्षं फोन नीट वापरणारी व्यक्ती अचानक चुका करू लागली, रोजचा नंबर लावायला अडखळू लागली, तर फोन बिघडला असं धरून चालू नका. दृष्टी, ऐकणं, मन:स्थिती, थायरॉईड, ब१२ जीवनसत्त्व आणि स्मरणशक्ती तपासून घ्या. यातली कित्येक कारणं उपचाराने सुधारतात. आणि हा बदल काही तासांत झाला असेल, सोबत बोलणं अडखळत असेल किंवा एक बाजू लुळी वाटत असेल, तर तो पक्षाघात असू शकतो. १०८ ला फोन करून ताबडतोब रुग्णालय गाठा.

मग घ्यायचा कोणता?

मी कोणत्याही कंपनीचं नाव सांगत नाही, कारण मॉडेलं दर सहा महिन्यांनी बदलतात. कसोट्या मात्र टिकतात. दहा-बारा हजारांच्या आसपास कामाचा फोन मिळतो. रॅम चार जीबीपेक्षा कमी नको, सहा असेल तर उत्तम. साठवण १२८ जीबी घ्या, कारण 'शुभ सकाळ'च्या चित्रांनी आणि कीर्तनाच्या व्हिडिओंनी फोन भरतो आणि भरलेला फोन अडखळतो. बॅटरी पाच हजार एमएएचची असली की चार्जिंग विसरलं तरी दिवस निघतो. समोरचा कॅमेरा बरा हवा, कारण हयातीच्या दाखल्याला तोच लागतो. ५जी असल्यास हरकत नाही, पण त्यासाठी जादा पैसे मोजायची गरज नाही.

विक्रेत्याला तीन प्रश्न विचारा. सुरक्षेचे अपडेट किती वर्षं मिळणार? नाशिकमध्ये अधिकृत दुरुस्ती केंद्र कुठे आहे? आणि कुलूप लावलेल्या पडद्यावर जाहिराती येतात का? तिसरा प्रश्न मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. काही स्वस्त फोन स्वस्त असतात ते जाहिरातींमुळे. तरुण माणूस ती जाहिरात बोटाने झटकतो. थरथरणारं बोट तीच जाहिरात उघडतं आणि पुढे कर्ज देणाऱ्या एखाद्या ॲपच्या दारात जाऊन पोहोचतं. जाहिराती बंद करता येत असतील तर दुकानातच बंद करून घ्या. येत नसतील तर हजार रुपये जास्त देऊन दुसरा फोन घ्या.

मुलाने वापरून टाकलेला फोन आई-वडिलांना देणं ही आपली रूढ रीत. फोन चांगल्या स्थितीत असेल तर त्यात गैर काही नाही. पण त्याची बॅटरी थकलेली असते, सुरक्षेचे अपडेट थांबलेले असतात आणि बँकांची ॲपं जुन्या प्रणालीवर काही काळाने चालेनाशी होतात. ज्याला फसवणुकीचा धोका जास्त त्यालाच सर्वांत असुरक्षित फोन मिळतो. जुना फोन द्यायचाच तर बॅटरी बदलून, सगळं पुसून आणि अपडेट येतात याची खात्री करून द्या.

काही जणांना स्मार्टफोन नकोच असतो आणि तेही मान्य करायला हवं. दृष्टी फार अधू असेल, स्मृतिभ्रंश वाढलेला असेल किंवा मुळात इच्छाच नसेल, तर मोठ्या बटणांचा साधा फोन हाच योग्य फोन. रिझर्व्ह बँकेने मार्च २०२२ मध्ये सुरू केलेल्या '१२३ पे' सेवेने त्यावरूनही यूपीआयचे व्यवहार करता येतात.

आणि एक गोष्ट फोनकडून अजिबात मागू नका: रक्तदाब मोजणं. कॅमेऱ्यावर बोट ठेवा, रक्तदाब सांगतो, असं म्हणणारी ॲपं आहेत. अमेरिकेत खूप खपलेल्या अशाच एका ॲपची जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातल्या संशोधकांनी तपासणी केली. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात, रक्तदाब खरोखर वाढलेल्या पाचांपैकी जवळपास चार जणांना त्या ॲपने 'वाढलेला नाही' असा दिलासा दिला होता. असा खोटा दिलासा गोळ्या बंद करायला लावतो. दंडाला पट्टा बांधायचं यंत्र घ्या आणि त्याचे आकडे फोनमध्ये लिहून ठेवा. फोनचं काम तेवढंच.

पहिला तास

फोन घरी आला की पहिला तास दोघांनी मिळून बसा. पहिल्या पडद्यावर सात-आठच गोष्टी ठेवा. जवळच्या माणसांचे नंबर फोटोसह साठवा. आणीबाणीच्या माहितीत रक्तगट, आजार, चालू औषधं, कशाची ॲलर्जी आहे ते आणि घरच्यांचा नंबर भरा. ही माहिती कुलूप न उघडता पाहता येते आणि बेशुद्ध रुग्ण आमच्यासमोर येतो तेव्हा तिचं मोल कळतं. पॉवर बटण पाठोपाठ दाबून मदत मागण्याची सोय सुरू करा आणि प्रत्यक्ष करून दाखवा. चार नंबर साठवा: रुग्णवाहिकेसाठी १०८, कोणत्याही आणीबाणीसाठी ११२, ज्येष्ठांच्या मदतीसाठी १४५६७ आणि ऑनलाइन फसवणूक झाल्यास १९३०. हेच नंबर कागदावर लिहून खिशातही ठेवा. सिंहस्थाच्या गर्दीत नेटवर्क मिळेलच असं नाही, आणि फोन हरवला तर त्यातले नंबरही हरवतात.

फसवणुकीबद्दल घाबरवू नका, नियम सांगा. पोलीस किंवा न्यायालय व्हिडिओ कॉलवर कुणाला अटक करत नाही. 'डिजिटल अटक' असा प्रकार कायद्यात नाही. ओटीपी कुणालाही सांगायचा नाही. लग्नाची पत्रिका म्हणून आलेली अनोळखी फाइल उघडायची नाही. यूपीआय हवंच असेल तर वेगळ्या खात्याला जोडा आणि त्यात महिन्याच्या किराणा-औषधांपुरतेच पैसे ठेवा. सगळ्यात महत्त्वाचं, काही घडलं तर रागावणार नाही असं आधीच सांगून ठेवा. मुलं ओरडतील या भीतीने माणसं दोन-दोन दिवस गप्प बसतात. फसवणुकीत पहिले काही तासच मोलाचे असतात. त्या भीतीने झोप आणि रक्तदाबही बिघडतो, हे आम्ही पाहतो.

पिन मात्र त्यांचा त्यांना ठरवू द्या. गरजेला लागेल म्हणून बंद पाकिटात लिहून ठेवायला सांगता येईल. पण त्यांचे संदेश वाचणं, फोटो तपासणं हा आपला हक्क नव्हे. म्हातारपणात माणसाच्या हातून एकेक गोष्ट सुटत जाते: गाडी, स्वयंपाकघर, पैशांचे व्यवहार. फोन ही नव्याने हाती आलेली एक गोष्ट असते, तिचाही ताबा घेऊ नका.

फोन नसला तर?

इतकं सांगून झाल्यावर उलट बाजूने एक गोष्ट ठासून सांगायची आहे, आणि ती आम्हा सरकारी यंत्रणेतल्या लोकांसाठी आहे. केसपेपरसाठी क्यूआर कोड स्कॅन करण्याची सोय आता अनेक रुग्णालयांत आली आहे. रांग कमी होते, चांगलं आहे. पण ज्याच्याकडे स्मार्टफोन नाही, ज्याचा नंबर बदलला आहे, ज्याला ओटीपी वाचता येत नाही, त्याला रांगेत सर्वांत मागे ढकलणारी सोय ही सोय नव्हे. सर्वांत जास्त आजारी माणूसच बहुतेक वेळा फोन वापरायला सर्वांत कमी सक्षम असतो. त्याच्यासाठी प्रत्येक रुग्णालयात, बँकेत, पेन्शनच्या कार्यालयात माणूस बसलेली एक खिडकी कायम उघडी राहिली पाहिजे. तिथे 'मोबाईल आणा, मग या' असं ऐकावं लागू नये. हयातीच्या दाखल्याबाबत हे काही प्रमाणात झालंही आहे. बँकेत जाऊन तो देता येतो आणि २०२० पासून टपाल खात्याची पेमेंट्स बँक पोस्टमनला घरी पाठवून तो काढून देते. सगळ्याच सेवांना असा माणसाचा पर्याय हवा. स्मार्टफोन ही सोय आहे, पात्रता नव्हे.

सरकारकडे ही मागणी करत असताना घरापुरतं आपल्या हातात असलेलं काम मात्र उद्याच करता येईल. फोन घ्यायला आई-बाबांना सोबत न्या. सकाळी, गर्दी नसताना जा. वाचायचा चष्मा आणि श्रवणयंत्र घरी विसरू नका. फोन त्यांच्या हातात द्या आणि पंधरा मिनिटं काही बोलू नका. त्यांना स्वतःला एक नंबर लावता आला, आलेला कॉल घेता आला आणि एक संदेश वाचता आला, तरच पैसे द्या.